साहेबांचे एक्क्याण्णव तास

साहेबांना खूश कसं ठेवायचं, हे शिकायचं असेल तर अंबड एमआयडीसीत येऊन मला भेटा! गोरक्ष म्हणतात मला. साहेबांना क्रिकेट आवडलं की मला आवडतं, साहेबांना कारल्याची भाजी आवडली की मी दोन वाट्या संपवतो. पाच वर्षांत एकदाही चूक नाही!

म्हणूनच त्या शुक्रवारी कॅन्टीनमध्ये आमचे योगेश साहेब म्हणाले, "गोरक्ष, तुम्ही ‘ओरिमा सागा’ खेळलाय का हो? जुना जपानी व्हिडिओ गेम. जगात तसा दुसरा झालाच नाही!" तेव्हा मी क्षणाचाही विलंब लावला नाही.

"सर! जीव आहे माझा तो! तीनदा संपवलाय!"

खरं म्हणजे तो मी एकदा मामेभावाकडे अर्धा दिवस खेळलो होतो. वाईट नव्हता. चांगलाही नव्हता. गार झालेले पोहे कसे, खाववतात पण दुसऱ्यांदा मागवत नाहीत, तसा. चार पावलं चाललं की एक राक्षस आडवा. मग तू एक फटका मार, मी एक मारतो, पुन्हा तू. हॉटेलच्या दारात दोन व्याही ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करतात ना, अगदी तसं! संगीत मात्र छान.

संध्याकाळी साहेबांनी टॉवेलात गुंडाळलेलं एक खोकं माझ्या हातात दिलं. नवजात बाळ द्यावं तसं!

"कॉलेजपासून जपलाय हा कन्सोल. ह्या मेमरी कार्डात माझे एक्क्याण्णव तास आहेत. फक्त शेवटचा काळोखाचा राजा मरत नाही हो! पन्नासदा हरलो. तुम्ही तज्ज्ञ माणूस, मारून दाखवा. टीम लीडर कोणाला करायचं, तेही सोमवारीच ठरवू."

टीम लीडर! मी जेल रोडच्या घरापर्यंत गाडी चालवत नव्हतो, तरंगत होतो!

शनिवारी सकाळी टीव्हीला वायरी जोडल्या. एकदम शेवटच्या लढाईत उतरायचं धाडस होईना, म्हणून सरावासाठी नवा गेम सुरू केला. नायकाचं नाव ठेवलं ‘गोरक्ष’. गावातल्या एका म्हातारीला भेटलो, ती एक वाक्य बोलली. पुन्हा भेटलो, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा भेटलो तेव्हा मला सोफ्यावरच डुलकी लागली.

जाग आली ती सासूबाईंच्या आवाजाने. कलाबाई त्यांचं नाव, मी त्यांना मामी म्हणतो. सिन्नरकडच्या, सगळा जन्म टोमॅटो-कोबीच्या मळ्यात गेलेला. गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे आल्या होत्या. बघतो तर कंट्रोलर मामींच्या हातात!

"जावईबापू, ह्या पोराला मी विहिरीत उतरवलं."

"विहिरीत? कशाला?"

"नव्या गावात गेलं की आधी पाणी बघावं. आत कंदील घावला बघा! मग मशीन कायतरी विचारत व्हतं, मी आपलं हो-हो दाबलं."

मेमरी कार्ड उघडलं. जिथे ‘योगेश, एक्क्याण्णव तास’ होतं, तिथे आता झळकत होतं: ‘गोरक्ष, दोन तास चाळीस मिनिटं’!

"निकिता!" मी ओरडलो. "सोमवारपर्यंत एक्क्याण्णव तास खेळायला लागेल!"

बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "दोन दिवसांत अठ्ठेचाळीसच तास असतात."

तरी मी लागलो! रविवारी दुपारपर्यंत बोटांना फोड आले, आणि झाले होते जेमतेम तेरा तास. तेवढ्यात साहेबांचा फोन!

"काय गोरक्ष, कुठवर आलं?"

"हाणतोय सर! राजा अगदी मरायला टेकलाय!"

"काय सांगता! थांबा, मारू नका! मी आलोच, डोळ्यांनी बघायचंय!"

गंगापूर रोडवरून जेल रोडला यायला रविवारी कितीसा वेळ लागतो? मी धावत जाऊन घराचा मेन स्विचच पाडला. साहेब दारात आले तेव्हा मी बंद पंख्याखाली, घामाघूम.

"सर, लाइट गेली हो! पूर्ण एरियात!"

शेजारच्या घरातून मिक्सरचा आवाज येत होता. साहेब इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्यांनी दारावरच्या मेन स्विचकडे पाहिलं, हात लांबवला आणि तो वर केला. फट्! पंखा फिरला, टीव्ही लागला, साहेबांनी मेमरी कार्ड उघडलं.

साहेबांनी स्क्रीनवरचं माझं नाव वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माझे एक्क्याण्णव तास?"

मामीच पुढे आल्या.

"साहेब, माझ्या हातनं पुसलं. जावयाला बोलू नका. मला वाचता येत नाय."

साहेब मटकन दिवाणावर बसले. मला खरंच वाईट वाटलं. मामींनी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी उगाच एक बटण दाबलं, आणि ताठ झाले.

"हा कंदील कुठून आला?"

"विहिरीतनं."

साहेबांनी स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचली. "‘ह्याच्या उजेडाशिवाय काळोखाचा राजा मरत नाही.’ अहो! पहिल्याच गावात! आणि मी एक्क्याण्णव तास नुसता तलवार पाजळत फिरत होतो?"

"विहिरीत डोकावला नव्हता?" मामींनी विचारलं.

"नाही हो!"

"मग कसा मरंल?"

साहेब हसत सुटले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, बूट काढून मांडी घालून बसले. मामी वाट सांगणार, साहेब बटणं दाबणार. "डावीकडं घ्या साहेब! आधी औषध घ्या, मग भांडा!" निकिताने दोनदा भजी तळली. संध्याकाळी साहेब निघाले ते पुढच्या रविवारचं ठरवूनच.

दारात मात्र थांबले. "गोरक्ष, आता खरं सांगा. कसा वाटतो तुम्हाला हा गेम?"

"बरा आहे, सर. लांबण फार लावलीय."

"हं," म्हणाले, आणि जिना उतरले.

सोमवारी टीम लीडर झाली आमच्या खात्यातली शुभांगी. साहेबांनी तिलाही हाच गेम दाखवला होता म्हणे. दहा मिनिटं बघून ती म्हणाली होती, "सर, मला काही ह्यात गंमत वाटली नाही, मी कामाला जाऊ?"