गर्जेसाहेब आमची पत बघायला आले

पत कशाला म्हणतात ते मला विचारा! शेवगावच्या एका जिनिंगात कापसाच्या गाठींचा हिशेब लिहिण्यात उभी जवानी घातलेला माणूस आहे मी. किराणावाल्याकडं उधारी नाही, चहावाल्याकडं नाव नाही, कर्जासाठी कुणाचा उंबरा झिजवलेला नाही. पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पतसंस्थेत निघालो, तेव्हा बायकोला ठणकावून सांगितलं, "जयमाला, माझं नुसतं तोंड बघून कर्ज मंजूर करतील. चहा ठेव, हा आलोच!"

तिनं चहा ठेवला. त्याचा उकळून काढा झाला तरी मी काही आलो नाही.

कर्ज हवं होतं पिठाच्या गिरणीसाठी. आमच्या गल्लीत गिरणी नव्हती. डबा डोक्यावर घेऊन पेठेत जायचं, नंबर लावायचा, आपला नंबर आला की नेमकी लाईट जायची. जयमाला या डब्यांना विटली होती. अशात पेठेतल्या म्हाताऱ्या गिरणीवाल्यानं गिरणी विकायला काढली. जयमालानं ती पट्ट्यापासून दगडापर्यंत तपासून पसंत केली आणि घरी येऊन पुढच्या खोलीत फरशीवर खडूनं चौकोन आखला. इथं गिरणी बसणार! तेव्हापासून आम्ही दोघं त्या चौकोनाला वळसा घालून चालत होतो. म्हातारा महिनाअखेरीपर्यंत थांबणार होता. नंतर गिरणी पाथर्डीच्या गिऱ्हाइकाला जाणार होती.

पतसंस्थेच्या मॅनेजरनं मला विचारलं, "याआधी कुठं कर्ज घेतलं होतं?"

"छे! आयुष्यात नाही!" मी छाती पुढं काढून म्हणालो.

मॅनेजरचा चेहरा पडला. "अरेरे! मग तुम्ही फेडणारे का बुडवणारे, आम्हाला कळायचं कसं?"

"कधी घेतलंच नाही म्हणजे..."

"म्हणजे काहीच कळत नाही!" तो म्हणाला. तेवढ्यात माझा शेजारी पुंजाराम आत आला. हा विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतो. यानं दुकानासाठी, टीव्हीसाठी, बहिणीच्या लग्नासाठी कर्जं काढली आणि फेडली. त्याला बघून मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा मागवला! मी मात्र तसाच उभा. जन्मभर कुणाचं देणं केलं नाही त्याला स्टूलसुद्धा नाही, हा कुठला न्याय?

शेवटी मॅनेजर म्हणाला, "दोन जामीनदार द्या. आमचे गर्जेसाहेब गुरुवारी घरी येऊन चौकशी करतील. त्यांनी शेरा चांगला दिला तर बघू."

पुंजाराम जामीन राहायला लगेच तयार झाला. दुसरे आमच्या समोरचे भिमाजी गुरुजी, रिटायर झालेले, पेन्शनवाले. जामीनदार भक्कम मिळाले, आता राहिलं घर. मी आमच्या घराकडं गर्जेसाहेबांच्या नजरेनं पाहिलं. एक लोखंडी खाट, एक पत्र्याची पेटी आणि रेडिओ. तोही थापट मारल्याशिवाय बोलत नाही.

"घर आहे तसं दाखवा," जयमाला म्हणाली.

"तुला यातलं काही कळत नाही! पत दिसायला लागते!"

आता सामान मागायचं कुणाकडं? आमच्यासारख्याला माणसं तरी किती असतात! जो सही देतो तोच कपाट देतो. मी पुंजारामकडं गेलो.

"जामीन बी मीच आन् कपाट बी माझंच?" पुंजाराम म्हणाला. "बरं, न्या. फ्रीजबी न्या, कलर टीव्हीबी न्या. पर बनुबाईला तुमीच सांगा."

बनुबाई म्हणजे त्याची बायको. ती म्हणाली, "न्या भाऊ, पर फ्रीजमदी माझं इरजण हाय. आन् दुपारची मालिका मी चुकवायची न्हाई, सांगून ठिवते!"

गुरुजींनी जावयानं दिलेला सोफा, टेबलफॅन आणि खुर्च्या दिल्या. गुरुवारी सकाळपासून मी आणि पुंजाराम गल्लीतून फ्रीज वाहतोय, कपाट वाहतोय! माझ्या कंबरेचा तर काटाच ढिला झाला. शेवटी सोफा आणला आणि बघतो तर काय, तो मावेल अशी एकच जागा उरलेली, खडूच्या चौकोनावर. मी तिथंच टेकवला. जयमालानं आधी सोफ्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. तिचं ते बघणं मला पुढं बरेच दिवस पुरलं.

गर्जेसाहेब आले ते उन्हानं रापलेले, डोळ्यांखाली काळं, बगलेत फायलींची पिशवी. माझ्याहून दमलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सोफ्यावर बसताच त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पंखा त्यांच्याकडं फिरवला.

"सोफा नवीन दिसतोय," ते डोळे न उघडताच म्हणाले.

"छे छे, जुनाच! आमच्याकडं पहिल्यापासून असंच आहे सगळं!"

"जिनिंगचा पगार वेळेवर होतो वाटतं."

हे ऐकून मी पंखा आणखी जवळ सरकवला. आमचा पगार झाला की आम्ही एकमेकांना पेढे वाटत होतो. तेवढ्यात दारातून बनुबाई थेट आत! तिनं चपला काढल्या, फ्रीज उघडला, इरजणात बोट घालून बघितलं, टीव्ही लावला आणि साहेबांच्या शेजारी सोफ्यावर मांडी घालून बसली.

"ह्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"शेजारी आहेत. त्यांच्याकडं टीव्ही नाही ना, म्हणून येतात बिचाऱ्या," मी म्हणालो.

बनुबाईची मान गर्रकन फिरली. "कोन बिचारी? आमच्याकडं टीव्ही न्हाई?"

जयमालानं पदराआडून हात जोडले. बनुबाईनं तोंड मिटलं आणि रागारागानं टीव्हीचा आवाज वाढवला. साहेबांनी फायलीत काहीतरी लिहिलं. माझा जीव भांड्यात पडला. चला, जमलं!

"घर उत्तम आहे," साहेब उठत म्हणाले. "आता जामीनदारांची घरं बघू."

"जामीनदारांची?" माझा आवाज चिरकला. "त्यांची कशाला?"

"तुम्ही बुडवलं तर आम्ही जाणार कुणाकडं? त्यांचं घर आधी बघायला नको?"

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! अख्ख्या तालुक्याला ठाऊक असलेली गोष्ट मला नेमकी कळू नये? आता सामान परत न्यावं तर साहेब दारात, न न्यावं तर पुंजाराम उघडा! मी म्हणालो, "साहेब, ऊन फार आहे, उद्या बघा ना." साहेब म्हणाले, "उद्यापण ऊनच आहे."

पुंजाराम रिकाम्या घरात गोणपाटावर आडवा झाला होता. कपाट काढलेल्या जागी भिंतीचा रंग वेगळाच उठून दिसत होता. आम्हाला बघून तो ताडकन उठला.

"घरात काहीच नाही?" साहेबांनी विचारलं.

"रंगाचं काम काढलंय साहेब. समदं भाईर ठिवलंय," पुंजाराम म्हणाला.

साहेबांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर एक कोंबडी होती. त्यांनी भिंतीवर बोट ओढलं, बोटाला धूळ लागली. मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, यांची राहणी फार साधी हो!"

"यांची फेड मला ठाऊक आहे, म्हणून तर नवल वाटतंय. जप्तीबिप्ती आली का काय? आमच्या कानावर नाही!"

'जप्ती' शब्द ऐकताच पुंजारामचं तोंड उतरलं. इतक्या वर्षांत चोख हप्ते भरून कमावलेलं नाव, आणि मी ते एका दिवसात घालवलं. तो माझ्याकडं असा बघत होता की फ्रीजसकट जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

भिमाजी गुरुजी उलट्या बादलीवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. गुरुजींनी आयुष्यात एकच गोष्ट केली नाही, ती म्हणजे खोटं बोलणं. मी मागून हातवारे करत होतो, डोळे मोठे करत होतो. पण उपयोग शून्य!

"गुरुजी, बसायला काही नाही का घरात?" साहेबांनी विचारलं.

"आहे की," गुरुजी म्हणाले. "या सोपानच्या घरी आहे. सोफ्यावर बसला नाहीत का? जावयानं दिलाय. पंखापण आमचाच. कपाट आणि फ्रीज पुंजारामचा. सोपान, काय झालं, तुला बरं नाही का?"

मला खरंच बरं वाटत नव्हतं. मी गुरुजींच्या उंबऱ्यावरच बसलो. मनात एकच, आता जयमालाला काय सांगू? गिरणी गेली पाथर्डीला, आणि ती मीच घालवली.

गर्जेसाहेब चिडतील असं वाटलं होतं, पण चिडायलाही त्राण लागतं. ते म्हणाले, "तिसगावात एकानं चौकशीसाठी बैल उसने आणले होते. मी बघत असतानाच ते उठले आणि आपल्या मालकाकडं निघून गेले. कपाटं बघून कर्ज दिलं असतं तर आमची संस्था कधीच बुडाली असती. चला, पाणी तरी द्या."

आम्ही घरी आलो. पाणी देताना जयमालानं सगळ्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. ती साहेबांना म्हणाली, "यातलं आमचं काही नाही. ती खाट, ती पेटी अन् रेडिओ आमचा. गिरणी या सोफ्याखाली बसवायची होती. राहू द्या आता."

तेवढ्यात बनुबाईनं टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना! मग माझी खात्रीच पटली की आता काहीतरी भयंकर होणार.

"सायेब," ती म्हणाली, "ह्या भाऊचं मला म्हाईत न्हाई. पर गल्लीची भिशी कुनाकडं हाय, ठावं हाय का? हिच्याकडं! समद्या बायांचा पैसा हिच्या हातात. कुनाची भिशी एक दिस मागं गेली न्हाई. माझ्या सासूच्या मयतीला हिनं सोताचा नंबर मला दिला. ही कर्ज बुडवंल व्हय? आमी बाया जामीन ऱ्हातो हिला!"

मला वाटायचं, भिशीच्या दिवशी या बायका चिवडा खातात आणि नवऱ्यांच्या तक्रारी करतात.

साहेबांनी पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडले. त्यांनी जयमालाला विचारलं, एखादीचा पैसा अडला तर काय करता? गिरणीला गिऱ्हाईक कुठून येणार? लाईट गेली तर? जयमाला उत्तरं देत गेली. साहेब लिहीत गेले. मी मध्ये एकदा "त्याचं असं आहे साहेब..." म्हणालो, तर दोघांनीही ऐकलं नाही.

अर्ज जयमालाच्या नावानं नवा भरला. जामीनदार तेच दोघे ठेवले, पण सामान आधी आपापल्या घरी पोचवा, अशी साहेबांची अट! तेवढ्या उन्हात मी कपाट, फ्रीज, सोफा सगळं परत वाहिलं. या खेपेला पुंजारामनं एका बाजूलाही हात लावला नाही. "पत हाय तुमची, एकट्यानंच उचला," म्हणाला.

महिनाअखेरीच्या आत गिरणी चौकोनात बसली. पतसंस्थेत सही करायला जयमालाबरोबर मीही गेलो. मॅनेजरनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मी तिच्या खांद्यावरून गर्जेसाहेबांचा शेरा वाचला. अर्जदार विश्वासू. व्यवहार चोख. कर्ज द्यावे. आणि खाली, 'कुटुंबाची माहिती' या रकान्यात, दमलेल्या अक्षरात लिहिलं होतं: पती आहे. विचारात घेऊ नये.

जयमालानंही ते वाचलं, पदर तोंडाला लावला आणि सही केली.