बाबलच्या गाडीचा कौल

आजवर हे मी बायकोलाही सांगितलेले नाही. गावच्या देवळात गुरव म्हणून मी जन्मभर कौल लावत आलो. त्यातला एक कौल देवाने दिला नाही, मी दिला. आणि तोही कशाबद्दल, तर गाडीच्या सायलेन्सरबद्दल.

गाडी बाबलची. जपानी, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. गोव्यातल्या एका बोटीवरच्या माणसाकडून मोडक्या अवस्थेत आणलेली. बाबलची काजूची बाग आहे, पण जीव सगळा गाडीखाली. समुद्रावरून आलेल्या माणसाला तो अंगणात घेत नाही. "थंयच रव! पाय धुवन ये. खारो वारो गाडयेक लागतलो!" मासेवाली टोपली कुंपणाबाहेर ठेवून ओरडते, "बाबल, तुझे गाडयेक बांगडो चावता काय रे?"

गाडीला नवे काही बसवायचे तर आधी देवाला विचारायचे. टर्बो आला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, तर तो लाल कापडात गुंडाळून देवळात घेऊन आला.

"सदा, कौल लाव. बसवू काय नको?"

"अरे, देवाक टर्बोतला काय कळता?"

"तुका कळणा नाय, म्हणान देवाक इचारतंय."

देवाने उजवा कौल दिला: पाषाणावर लावलेल्या दोन पाकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. मग एकदा कुडाळच्या बाजारातून त्याने मला घरी आणले. पहिल्याच वळणावर मी डोळे मिटून गाऱ्हाणे सुरू केले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांका सुखरूप घराक पोचय..." बाबल गिअर बदलत दर वाक्याला गंभीरपणे म्हणत होता, "व्हय म्हाराजा!"

त्या दिवसापासून मला एकच भीती. हा एक दिवस तळेऱ्याकडच्या रस्त्यावर कुठेतरी मरणार आणि त्याच्या आक्काला ते मला सांगावे लागणार. आक्का त्याची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्याला वाढवला, लग्न केले नाही. आता कान पार गेलेत.

मग त्याने देवाला न विचारताच तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला. गाडी पाणंदीत शिरली की माझ्या घरातली भांडी वाजत. गाव कुरकुरला. बाबल म्हणाला, "देव सांगात तर काढतंय." तो भोंगा गेला तर वेगही उतरेल, अशी माझी समजूत. पाषाणावर उजवी पाकळी मी गंधाने चिकटवली. डावी नुसती टेकवली. ती पडली, म्हणजे सायलेन्सर नको.

"देवान सांगल्यान, संपला," बाबल म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याने सायलेन्सर काढून जुना लावला. वेग होता तेवढाच राहिला.

काही दिवसांनी प्रसाद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. आक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी समोर गेलो तशी दचकली, सूप कलंडले.

"सदा, तू व्हय! माझे कान गेले रे, पण पाय शाबूत आसत. गाडी पाणंदीत इली काय ओटो थरथरायचो. माका कळायचा, बाबल इलो. मी चाय ठेवी. आता कोण कधी येता, कायच कळणा नाय."

मी तांदूळ गोळा करत होतो, तेवढ्यात बाबल आला. गाडी बाहेरच ठेवली होती. अंगणात येऊन तो फणसाखाली थांबला. तिची पाठ त्याच्याकडे होती. मी तिला खूण करणार, तर त्याने हात हलवून मला नको म्हटले. हात लावला की दचकते, म्हणून ती आपणहून वळेपर्यंत तो रोज असाच उभा राहतो, हे मला त्याच्या उभे राहण्यावरून कळले. पुष्कळ वेळाने ती वळली आणि हसली.

सायलेन्सर कशाला हवा होता, हे त्याने देवापुढेही सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

तो कौल माझा होता, हे मला बाबलला सांगायचे आहे. आक्काच्या पायांखालची ती थरथर मी तिला देणे लागतो. अजून दिलेली नाही.