बाईंच्या टेबलावरची पिस्तुलं

आयडेला प्रुइट बाईंनी ओसरीच्या कठड्यावर निवायला ठेवलेलं पीचचं कॉब्लर, म्हणजे पाकातल्या फळांवर खरपूस कवच भाजलेला गोड पदार्थ, बुधवारी सकाळी नाहीसं झालं, आणि संध्याकाळपर्यंत डॅलसमध्ये बसलेल्या त्यांच्या मुलाने आईचं घर विकायचं ठरवूनही टाकलं. चोराने भांडं चाटूनपुसून पायरीवर परत ठेवलं होतं. बाईंना त्यात भूक दिसली. त्यांचा मुलगा रॉयस विम्याच्या धंद्यात होता, त्याला संकटाशिवाय दुसरं काही दिसत नसे.

"आज कॉब्लर नेलं, उद्या तुझा गळा धरतील," तो फोनवर म्हणाला. "एक तर माझ्याकडे राहायला ये, नाहीतर खिशात पिस्तूल लपवून ठेव. शनिवारी येतोय मी. खिशात पिस्तूल दिसलं नाही, तर सामान गाडीत टाकून तुला घेऊन जाणार."

"दिसलं तर ते लपवलं कसं म्हणायचं?" बाईंनी विचारलं. रॉयसने फोन ठेवला.

त्याच्याकडे म्हणजे गॅरेजवरच्या खोलीत. बाई तिथे एकदा राहून आल्या होत्या. खिडकीतून दुसऱ्याचं गॅरेज दिसायचं. इथे टर्की बेंड गावात त्यांनी सगळं आयुष्य तिसरीच्या वर्गाला शिकवण्यात घालवलं होतं. ओसरीवर बसलं की रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला असे आणि गाडीचा वेग आपोआप कमी करत असे. हे सोडून जायच्या कल्पनेनेच त्यांना रडू येई. रडण्यापेक्षा पिस्तूल बरं, असं म्हणून त्या वेंडेल स्टब्जच्या दुकानात गेल्या.

वेंडेल खिळे, कोंबड्यांचं खाद्य आणि पिस्तुलं विकत असे. बाईंना बघून त्याने आधी टोपी काढली, मग च्युइंग गम गिळला. त्याने पहिलं पिस्तूल दिलं ते इतकं मोठं होतं की एप्रनच्या खिशात घालताच एप्रन गुडघ्यापर्यंत उतरला. दुसरं तळहातात मावण्याएवढं होतं, पण त्याचा वरचा भाग मागे खेचता खेचता बाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"लहानांचं असंच असतं, बाई," वेंडेल म्हणाला. "जेवढं लहान तेवढं हट्टी, आणि झटकाही तेवढाच जोरात."

"ते मला सांगतोस?" बाई म्हणाल्या. त्यांनी पोरांच्या कैक तुकड्या हाताळल्या होत्या.

मग वेंडेलने इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलाखालून मखमलीत गुंडाळलेलं एक चपटं, काळं पिस्तूल काढलं. याचा वरचा भाग लोण्यासारखा सरकला. बाईंना ते आवडलं. वेंडेल कुजबुजला, "हे गावात कुणाकडेच नाही. खास माणसासाठी मागवून ठेवलेलं. फक्त एक नियम पाळायचा. ज्या खिशात पिस्तूल, त्या खिशात दुसरं काहीही नाही. चामडी खोळ घालायची, तिच्यात पिस्तूल, आणि बाकी किल्ली नाही, रुमाल नाही, खाऊ तर मुळीच नाही."

बाईंच्या एप्रनला खिसा एकच होता. त्यात खडू, चष्मा, दोरा आणि मैदानावरची जुनी पितळी शिट्टी असे. त्यातलं काय बाहेर काढायचं ते त्यांना ठरवता येईना, म्हणून "विचार करून सांगते," असं म्हणून त्या घरी आल्या. इथेच चूक झाली. टर्की बेंडमध्ये एकाने विचार करायला घेतला की बाकीचे तो पूर्ण करायला येतात.

शनिवारी दुपारी, रॉयस यायच्या आधीच, बाईंचं स्वयंपाकघर भरलं. प्रत्येकाने काहीतरी झाकून आणलं होतं आणि प्रत्येकाला बोलायचं होतं. सुतारकाम करणारा मर्ल हडनट म्हणाला की रिव्हॉल्व्हरसारखी भरवशाची गोष्ट नाही, बाकी सगळी खेळणी. त्याची बायको टॅन्सी हिचं केस कापायचं दुकान होतं. ती म्हणाली की तिला तर पिस्तूल बघूनच घेरी येते, बाईंनी सरळ कुत्रा पाळावा. शेरीफच्या हाताखालचा पोलीस गारलंड कमरेचं भलंमोठं सरकारी पिस्तूल थोपटत म्हणाला की लपवायचं असेल तर घोट्याला बांधा. बाईंच्या घोट्यांना सूज होती. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

ब्रदर लायल कोपऱ्यात पेपरमिंटची बिनसाखरेची गोळी चोखत उभे होते. हे बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. चर्चच्या दारावर 'शस्त्रं गाडीत ठेवून आत या' अशी पाटी त्यांनीच लावली होती. त्यांची प्रवचनं इतकी लांबत की तोवर गावातल्या दुसऱ्या, मेथडिस्ट चर्चच्या लोकांची प्रार्थना आटपून ते कॅटफिश माशांच्या खानावळीत सगळी टेबलं अडवून बसलेले असत. बायकोने त्यांची साखर बंद केली होती, हे तर सगळ्यांना ठाऊक होतं. "देव हीच आपली ढाल," ते म्हणाले. एवढ्यात वेंडेल मखमलीचं गाठोडं काखेत मारून आत आला.

तो येताच भांडण पेटलं. मर्ल वेंडेलच्या दुकानाला नावं ठेवू लागला, वेंडेल मर्लच्या नेमबाजीला. मर्लचा हात खिशाकडे गेला, तसा गारलंडचाही गेला, आणि घेरी येणाऱ्या टॅन्सीचा हातसुद्धा पर्समध्ये गेलेला बाईंनी पाहिला. या सगळ्यांना त्यांनी रंगाची कांडी नीट धरायला शिकवलं होतं. त्यांनी शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली.

"भिंतीला पाठ. खिशातलं सगळं टेबलावर. आत्ता."

क्षणात सगळे भिंतीशी रांगेत उभे राहिले, उंचीप्रमाणे. मग सगळे एकदमच पुढे आले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने खिसे मोकळे करू लागले. चाकू आले, नाणी आली, तंबाखूची डबी आली, आणि मागोमाग पिस्तुलं येऊ लागली. एका पिस्तुलानंतर दुसरं, मग तिसरं. धांदलीत कुणी काय ठेवलं ते कळायची सोय उरली नाही. बाईंनी गारलंडला आधी सगळ्यांतल्या गोळ्या काढायला लावल्या. त्याने त्या काढून बशीत घातल्या आणि पिस्तुलं ओळीने मांडली.

गारलंडच्या कमरेचं सरकारी सोडलं, तर चार पिस्तुलं होती. चारही चपटी, काळी, हुबेहूब एकसारखी. वेंडेलच्या मखमलीतलं पाचवं अगदी तसंच.

"खास माणसासाठी मागवलेलं," मर्ल हळूच म्हणाला.

"गावात कुणाकडेच नाही," टॅन्सी म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने तिच्याकडे, आणि दोघांनी एकदमच विचारलं, "तुझ्याकडे कधीपासून?"

सगळे वेंडेलच्या अंगावर धावले. त्याच्या स्वतःच्या खिशातून मात्र पित्ताच्या गोळ्या निघाल्या होत्या. "मला आवाज सहन होत नाही," तो पुटपुटला, आणि भिंतीला आणखी चिकटला.

आता कुठलं कुणाचं हे ठरेना. तेव्हा बाईंनी चष्मा लावला. हरवलेले हातमोजे वाटावेत तशी त्यांनी एकेक पिस्तूल उचलून हुंगायला सुरुवात केली. लाकडाचा भुसा होता ते मर्लचं. केसांच्या फवाऱ्याचा वास आला ते टॅन्सीचं. शेंगदाण्याची टरफलं अडकली होती ते गारलंडचं. खिशाचा नियम एकानेही पाळलेला नव्हता. वेंडेलला ते बघवेना.

शेवटी एक उरलं. ते हातात घेताच बाईंच्या बोटांना चिकटलं. त्यावर वाळत आलेला पाक होता, खरपूस कवचाचा तुकडा होता, आणि वास जायफळाचा. पीचच्या कॉब्लरमध्ये जायफळ घालणारं या गावात एकच घर होतं.

"हे ज्याचं असेल त्याने हात वर करावा," बाई म्हणाल्या. कुणीच हात वर केला नाही. हात वर करणारा कॉब्लरचोर ठरला असता, हे आता गारलंडच्याही लक्षात आलं होतं.

बाईंनी पिस्तूल उलटं केलं. मुठीला खाली अर्धवट चोखलेली पेपरमिंटची गोळी चिकटली होती. त्यांनी वर पाहिलं. ब्रदर लायल छताकडे बघत होते, आणि त्यांचे कान थेट तिसरीत असल्यासारखे लाल झाले होते. तेव्हाही तो असाच. दुसऱ्याचा डबा खायचा आणि छताकडे बघायचा. बाईंना राग यायला हवा होता, पण आलं ते हसूच. ते त्यांनी कसंबसं गिळलं आणि पेपरमिंट नखाने काढून एप्रनच्या खिशात टाकली.

तेवढ्यात दार उघडून रॉयस आत आला. आईचं टेबल पिस्तुलांनी भरलेलं, गावाचे मान्यवर भिंतीशी रांगेत. तोसुद्धा नकळत रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"आई, हे काय चाललंय?"

"निवड चाललीय," बाई म्हणाल्या. ब्रदर लायलनी डोळे मिटून घेतले होते, ओठ हलत होते. बाईंनी क्षणभर त्यांना तसंच ठेवलं. मग चिकट पिस्तूल उचललं. "झाली. हे माझं."

रॉयसने ते पाहिलं, बशीतल्या गोळ्या पाहिल्या, रांग पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं विम्याचं सावट हळूहळू गेलं. "इथे कोण येणार आहे तुझ्या वाटेला," तो म्हणाला. तिन्हीसांजेला तो गेला, तेव्हा गाडीत सामान नव्हतं, फक्त लोकांनी आणलेलं उरलंसुरलं जेवण होतं. बाई दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिल्या आणि मग एकट्याच ओसरीवर बसून मनसोक्त हसल्या.

रविवारी प्रार्थनेआधी ब्रदर लायलनी त्यांना दारातच गाठलं, पाटीच्या बरोबर खाली. "बाई, माझं ते..." त्यांनी आवाज खाली आणला. "ते परत मिळेल का?"

"लगेच. आत सगळ्यांसमोर हात वर करून माग."

ब्रदर लायलनी वर पाटीकडे पाहिलं. "दुसरं काही नाही चालणार?"

बाईंनी विचार केला. त्यांनाही कॅटफिश आवडत असे.

त्या दिवशी प्रवचनाची पहिली ओळ संपते न संपते तोच ब्रदर लायल 'आमेन' म्हणाले. मेथडिस्ट खानावळीत पोहोचले तेव्हा सगळी टेबलं बॅप्टिस्टांनी भरलेली होती, आणि खिडकीपाशी, सगळ्यात चांगल्या जागी, आयडेला प्रुइट बाई दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. बुधवारी त्यांनी कठड्यावर पुन्हा कॉब्लर निवायला ठेवलं. या वेळी सोबत चमचा ठेवला, म्हणजे कुणाला खिशात घालावं लागू नये.