सात काडतुसांची चौकशी

ऐक फक्त. मध्ये बोलू नको, प्रश्न शेवटी. पिक्चर बघायला अडीच तास लागतात, पण तो बघण्यासारखा आहे का हे ठरवायला आपल्या शहरात सरासरी अकरा दिवस लागतात, आणि आपली खरी संस्कृती त्या अकरा दिवसांत असते. बाकीच्या गावांत लोक सरळ तिकीट काढतात. मागासलेले असतात बिचारे.

तर आपला देवेश. वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाडीत लागणारे पितळी बुश येतात, हा मोजतो. मापात बसला तर पास, नाय बसला तर लाल डबा. सहा वर्षांत एक चुकीचा बुश पुढं गेलेला नाय. (दोन बरोबर असलेले लाल डब्यात गेले, पण त्यांची लेखी तक्रार आलेली नाय.) असा माणूस लग्नाला उभा राहिला.

स्थळ आलं मनस्विनीचं. तिची चौकशी दीड दिवसात उरकली. अठ्ठावीस गुण जुळले, तिचा मामा आणि देवेशचे बाबा, श्रीधरकाका, एकेकाळी एकाच बँकेत होते असं निघालं, संपला विषय. दोघांच्या आयांनी गुलमंडीत साडीच्या दुकानात गाठ घालून दिली, म्हणजे नाहीच जमलं तर निदान खरेदी तरी होईल. आया काठ बघायला लागल्या, हे दोघं गादीच्या कडेला.

तिनं विचारलं, "शेवटचं काय रिजेक्ट केलंत?"

हा म्हणला, "एक बुश. दोन शतांश मिलिमीटरनं मोठा होता."

ती म्हणली, "मग? वाईट वाटलं का त्याला?"

संपला देवेश. तिथंच, गादीवर, दोन हजार साड्यांच्या साक्षीनं. सहा वर्षांत त्या बुशला काय वाटलं असेल हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पण तिची एक अट. म्हणली, तुम्ही मला बरे वाटताय, पण आपण एक पिक्चर बघू. बाहेर आल्यावर मी एकच प्रश्न विचारीन, मग सांगते. पिक्चर कुठला, तर 'सात काडतुसं'. वाळवंटातलं एक गाव, तिथं लोकांच्या सावल्या चोरीला जातात, आणि एक टोपीवाला घोडेस्वार मंतरलेली सात काडतुसं घेऊन चोर शोधायला निघतो. नऊशे बारा पानांच्या कादंबरीवरून काढलाय आणि ती कादंबरी मनस्विनीनं चार वेळा वाचलीय. याआधी दोन मुलांना तिनं असंच पिक्चरला नेलं होतं. एक बाहेर येऊन "टाइमपास होता" म्हणला. दुसरा बाहेर आलाच नाय, झोपला होता. दोघंही आता अन्यत्र सुखी आहेत.

आता तू सांग, क्वालिटीवाला माणूस न तपासलेला माल आत घेईल का? देवेशनं आवक तपासणी चालू केली. शनिवार दुपारच्या शोच्या आत तेवीस जणांना विचारलं. त्यांपैकी पिक्चर बघितलेले शून्य. मत पक्कं असलेले तेवीस. 'एकदा बघायला हरकत नाय' असं नऊ जण म्हणले, 'कादंबरीची सर नाय' असं सात जण म्हणले (त्यातले कादंबरी वाचलेले, शून्य), 'मोबाइलवर येऊ दे की' म्हणणारे पाच. उरलेल्या दोघांनी 'इंटरव्हलपर्यंत बरा आहे' असं सांगितलं, आणि ते कशाच्या जोरावर, याचा तपास अजून चालू आहे.

घरी प्रकरण श्रीधरकाकांच्या टेबलावर गेलं. काकांनी चष्मा लावला आणि सदर चित्रपट स्थळ आल्यासारखाच तपासला. म्हणले, "मूळ घराणं कादंबरीचं, म्हणजे चांगलं. पण दिग्दर्शक बाहेरचा दिसतोय. आधीचे दोन पिक्चर त्याचे मोडलेत."

कालिंदीकाकू, म्हणजे देवेशची आई, भाजी निवडता निवडता म्हणल्या, "नऊशे पानं अडीच तासांत बसवली? मग काहीतरी लपवलंय त्यांनी."

शेवटचा साक्षीदार कडूबा. पाचोडचा, याच्याच लाइनवर मशीन चालवतो. त्यानं ट्रेलर बघितला होता, दुसऱ्याच्या मोबाइलवर, आवाज बंद. म्हणला, "त्यापरीस दौलताबादला जा की वहिनीला घेऊन. किल्ला हाय, अंधारी वाट हाय, आत वटवाघळं हायेत. आन् किती फँटसी पायजे तुमाला?" मग म्हणला, "पर देवेशभाऊ, पोरीनं तुमाला इचारलंय ना? मग तुमी मला काहून इचारता?"

ही टिप्पणी विषयाला सोडून असल्यामुळं अहवालात घेतलेली नाय.

अहवालाअंती दोन उत्तरं तयार झाली. एक, "कादंबरीचा आत्मा राखलाय." दोन, "कादंबरीचा आत्मा हरवलाय." दोन्ही देवेशनं आरशासमोर पाठ केली. कुठलं वापरायचं हे आत बसून, तपासून ठरणार होतं.

शनिवारी दोघं थेटरात. दिवे गेले आणि साहेबांनी खिशातून तपासणीचा कागद काढला. घोडा, एक, ठीक. टोपी, एक, किंचित वाकडी. सावल्या, चौदा कमी. तिकडं पडद्यावर वाळूचं वादळ उठलंय, गाव रडतंय, आणि हा लाल पेन्सिलनं गोळ्या मोजतोय. कारण याच्या लक्षात आलं होतं, भावा. नावातच सात काडतुसं आहेत, आणि टोपीवाल्यानं आठवी गोळी झाडली. आठवी. देवेशनं कागदावर असा लाल गोल केला की मागच्या रांगेतला माणूस म्हणला, "ओ, परीक्षा आहे का काय तुमची?"

पिक्चर सुटला. पार्किंगमध्ये मनस्विनी स्कूटीला टेकून उभी राहिली. हा दोन्ही उत्तरं तोंडात धरून तयार.

ती म्हणली, "घोडा मेला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

देवेश म्हणला, "घोडा मेला?"

मग काय लपवणार. घाम पुसत त्यानं कागद तिच्या हातात दिला. ती वाचत गेली. घोडा, ठीक. टोपी, वाकडी. आठवी गोळी, लाल गोल. आणि मग ती जी हसायला लागली, तिला स्कूटीवर बसावं लागलं. म्हणली, "चार वेळा वाचलीय मी. पुस्तकातपण आठच झाडल्यात की काय? मोजायचं माझ्या कधी ध्यानातच आलं नाही." मग डोळे पुसून म्हणली, "खरं सांगू? मीपण आज पिक्चर बघितला नाही. अंधारात तुम्ही काय लिहिताय, तेच बघत होते."

म्हणजे सुधारित आकडेवारी अशी: एकूण माणसं पंचवीस, त्यांपैकी दोन प्रत्यक्ष थेटरात अडीच तास हजर, पिक्चर बघितलेले शून्य.

ती म्हणली, "सहाचा शो आहे. परत जाऊ या? या वेळी दोघं बघू."

भावा, ही पोरगी हो म्हणत होती. पार्किंगमधल्या वॉचमनलापण कळलं. देवेशनं एक शब्द बोलायचा होता.

देवेश म्हणला, "थांबा, आधी कुणाला तरी विचारतो, बघण्यासारखा आहे का."

तिनं स्कूटीची चावी काढली. मग म्हणली, "विचारा." हेल्मेट घातलं आणि गेली. राग नाय, काय नाय. आज गुरुवार, पाच दिवस झाले, फोन नाय. देवेशनं तिला पाठवायला एक मेसेज लिहिलाय: 'सहाच्या शोला येता?' एवढाच. पाठवावा का नको, यावर आतापर्यंत अठरा जणांचा सल्ला घेऊन झालाय. उद्यापासून पिक्चर जातोय, आजचा सहाचा शो शेवटचा.

आता हसतोस काय? 'सात काडतुसं बघावा का रे' असं विचारायला तूच मला चहाला बोलावलंस ना? मी बघितलेला नाय तो पिक्चर. तरी एवढा वेळ ऐकलंस माझं, दोन चहा संपवलेस, आणि बरोबर साडेपाच वाजलेत. सांग आता. ती स्कूटीला टेकून उभी, परत जाऊ या म्हणतेय. तू काय केलं असतंस?