नवसाची मोटार आणि तिचे रंगकाम

देव मागितलेलेच देतो, आणि मागताना जसे दाखवले तसेच देतो. हे सत्य कोणत्या ग्रंथात आहे ते ठाऊक नाही, पण खडकमाळच्या भैरवनाथ देवस्थानच्या फलकावर ते ऑइलपेंटने लिहिलेले आहे, आणि ऑइलपेंट पावसाने जात नाही.

खडकमाळ हे गाव आळेफाट्याहून बेल्ह्याकडे जाताना डाव्या हाताला लागते. (उजव्या हाताला लागले तर आपण बेल्ह्याहून येत आहोत असे समजावे.) इथली श्रद्धा पूर्वीपासूनच व्यवहाराला धरून आहे. घर हवे असेल त्याने देवाच्या वाटेवर दगडावर दगड रचावेत. डोळे आले असतील त्याने चांदीचे डोळे वाहावेत. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र काय वाहावे याची काहीच सोय नव्हती. लोक नुसतेच तोंडी मागत, आणि तोंडी मागणीवर देव तरी किती लक्ष देणार.

ही अडचण नवसूने दूर केली. नवसूच्या घरी अजून मेंढ्या आहेत. त्याने जत्रेत घेतलेली प्लास्टिकची लाल मोटार पायरीवर ठेवली, आणि पुढच्या जत्रेच्या आत त्याच्या दारात खरी मोटार उभी राहिली. तीही लाल! नवसूला ओळखणारा कोणीही सांगेल की हा माणूस आपण होऊन लाल रंग घेणार नाही. त्याच्या मेंढ्यांच्या पाठीवरची खूणसुद्धा निळी असते. तेव्हा रंग कोणी निवडला हे उघड होते.

त्यानंतर पायरीवर मोटारी वाढल्या आणि अनुभवही वाढले. पप्पूच्या आईने वाहिलेल्या मोटारीला पिवळी नंबरपट्टी होती. पप्पूला गाडी मिळाली, पण ती भाड्याची, आणि तो आता दिवसभर पुण्यात परक्या माणसांना विमानतळावर सोडतो. ठमाबाईच्या मोटारीचे एक चाक वाटेत पडले होते. तिच्या जावयाच्या टेम्पोचे तेच चाक पंक्चर होते आणि दुसरे कोणतेही होत नाही. आंबेगाव तालुक्यातल्या एका गृहस्थाने खडबडीत रंगाची मोटार वाहिली, आणि त्याच्या नव्या गाडीवर गारा पडल्या. देवाच्या कामात हयगय नाही, हयगय आहे ती अर्जदारांच्या रंगकामात, असा निष्कर्ष निघाला आणि प्रतिकृती वाहन रंगतपासणी समिती स्थापन झाली.

समितीचे अध्यक्ष गेणभाऊ. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नसल्याने ते निःपक्षपाती होते. तांत्रिक सदस्य प्रांजल. तिने नेल आर्टचा कोर्स केला होता, आणि लहान वस्तूवर रंग कसा बसतो हे गावात तिच्याइतके कोणाला कळत नव्हते. नियम थोडेच होते. सांगाडा सुटा करून रंगवावा. चाके व काचा नंतर बसवाव्यात. प्रायमर, रंग आणि वरची चकाकी हा क्रम सोडू नये. बोटाचा ठसा राहिल्यास मोटार परत. (ठसा कोणाचा, हे समिती विचारणार नाही.)

आता बयाबाईकडे येऊ.

बयाबाई गावातल्या जुन्या शेतकरी घरातली. बाई अबोल, आणि उपासतापासात मुरलेली. मुलगा स्वराजच्या मोटारसायकलवर मागे एका अंगाने बसून, मांडीवर पूजेची पिशवी, एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात देवाचे नाव, अशी ती वर्षानुवर्षे संकष्टीला ओझरला जात आली. मागच्या खेपेला गतिरोधकावर पदर सुटला, देवाचे नावही सुटले, आणि तिने तिथल्या तिथे भैरवनाथाला साकडे घातले. गाडी दे. पुढच्या सीटवर, माझ्या बाजूचे दार माझ्या हाताने उघडून बसत नाही, तोवर चहा घेणार नाही.

चहा सोडणे म्हणजे काय हे बयाबाईला ओळखल्याशिवाय कळायचे नाही. निर्जळी एकादशी ती हसत काढी, पण द्वादशीचा पहिला चहा होईपर्यंत तिच्याशी कोणी बोलत नसे. तरी शब्द निघून गेला होता. गाडी मागितली हे सांगता येते, पण त्यासाठी काय सोडले ते कोणाला सांगायचे नसते, म्हणून घरी तिने अ‍ॅसिडिटी झाल्याचे सांगितले. (हा आजार आमच्याकडे प्रतिष्ठित आहे. तो झालेल्या माणसाला कोणी कारण विचारत नाही, उलट लोक आपलीच अ‍ॅसिडिटी सांगतात.)

"बरं झालं," तिचा नवरा रखमाजी बशीतला चहा मोठ्यांदा ओढत म्हणाला, "तुझ्या वाटणीचं दूध मांजराला व्हईल."

बयाबाईने मांजराकडे पाहिले. मांजराने नजर टाळली.

स्वराजने मोबाइलवरून मोटारीचा संच मागवला. राखाडी प्लास्टिकचा सांगाडा, दारे-बिरे सगळी एकसंध, नुसत्या रेघांनी दाखवलेली. रंग पांढराच हवा होता. जुन्नर-आंबेगावात गाडी पांढरीच घेतात; दुसरा रंग घेतला तर लोक विचारतात, का, पांढरी मिळाली नाही?

पहिला सांगाडा आळेफाट्याच्या रामदासकडे गेला. रामदासचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज आहे आणि ट्रकच्या आख्ख्या केबिनी त्याने हातावेगळ्या केल्या आहेत. त्याने ही मोटारही ट्रकच समजून थिनरने खसाखसा पुसली. प्लास्टिकने थोडा वेळ विचार केला आणि मग बॉनेट पापडासारखे खाली बसले.

"काकू, मटेरियल लई हलकंय," रामदास म्हणाला. "कंपन्या आता पयल्यासारखा पत्रा वापरीत न्हाईत."

"आरं, प्लास्टिक हाय ते."

"तेच म्हन्तो मी."

हीच मोटार देवाला वाहिली असती तर केवढा अपघात ओढवला असता, या विचाराने बयाबाईने हात जोडले आणि दुसरा संच मागवायला सांगितले. हे काम आता घरीच होणार होते.

घरी रंगकामाला मुख्य शत्रू धूळ. शेतकऱ्याच्या घरात धूळ नसलेली जागा एकच असते. बयाबाईने देव हलक्या हाताने उचलून ओसरीच्या कोनाड्यात ठेवले, देव्हारा ओल्या फडक्याने पुसला, आणि सांगाडा लाटण्यावर खोचून आत उभा केला. (घरी भाकरी हातावरच होत असल्याने लाटणे मोकळेच होते.) उदबत्ती बंद झाली, कारण राख उडते. निरांजन बंद झाले, कारण फवारायच्या रंगाचा डबा पेट घेतो. घंटा बंद झाली, कारण लाटणे हलते. सुती लुगड्याची लव रंगाला चिकटते म्हणून बयाबाई भर उन्हाळ्यात स्वराजचा रेनकोट घालून देव्हाऱ्यासमोर बसू लागली. तिच्या भक्तीत एवढी शिस्त यापूर्वी कधी नव्हती.

सकाळी अंघोळ करून रखमाजी आला.

"देव कुठं गेलं?"

"ओसरीवर."

"आन हितं कोन?"

"गाडी."

"मंग मी पाया कुनाच्या पडू?"

"आदी हात धुवा," बयाबाई म्हणाली, "आन लांबूनच पडा."

पहिल्या तपासणीत प्रांजलने मोबाइलची बॅटरी तिरपी धरून टपावर मारली. "काकू, रंग संत्र्याच्या सालीवानी आलाय. लांबून मारला तुमी."

गेणभाऊंनी मान हलवली. "गारा पडत्याल. परत."

रंग काढायला मोटार ब्रेक ऑइलात बुडवून ठेवावी लागते. ती बुडाली असताना रखमाजीने शेजारी बसून दोनदा चहा घेतला, एकदा आल्याचा. दुसऱ्या खेपेला तिने रंग जवळून मारला, तेव्हा दारावरून ओघळ आले. तिसऱ्या वेळी टपाच्या मधोमध मांजराचा केस सापडला. हे मांजर सध्या चांगलेच धष्टपुष्ट झाले होते आणि त्याचे केस गळत होते.

"एवढ्या एका केसानं काय व्हतंय?" बयाबाईने न राहवून विचारले. तिच्या आवाजात चहा नसलेल्या माणसाचा कंप होता.

"वयनी, आमाला काय तुमची गाडी अडवायची हौस हाय का?" गेणभाऊ हळुवारपणे म्हणाले. "पर उद्या बॉनेटमदी मांजर शिरलं, वायरी खाल्ल्या, तर तुमी देवाला बोल लावाल. आमी देवाचं नाव जपतोय." मग त्यांनी तपासणीचा चहा मागवला. तो देवस्थानच्या खर्चाने असतो आणि नाकारलेल्या अर्जदारालाही देतात.

"मला अ‍ॅसिडिटी हाय," बयाबाई म्हणाली.

"मलाबी," गेणभाऊ म्हणाले आणि दोन्ही कप प्याले.

चौथ्या वेळी तिने थरावर थर दिला. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचे, पुन्हा रंग, पुन्हा घासायचे, वर चकाकी, त्यावर आणखी चकाकी. उरलेला धीर त्या डब्यात ओतला म्हणा ना. मोटार अशी झाली की गेणभाऊंनी तिच्या बॉनेटमध्ये बघून मिशा सारख्या केल्या. एकमताने मंजुरी मिळाली. ढोल लावून ती देवापुढे ठेवली गेली, आणि महिना उलटायच्या आत स्वराजने आळेफाट्यावरून एक वापरलेली पांढरी गाडी दारात आणली.

गाव जमले. प्रांजल आली, गेणभाऊ आले. बयाबाईने गाडीला ओवाळले, नारळ फोडला, चुलीवर पाणी ठेवायला सुनेला खुणेने सांगितले (पाणी कशासाठी, ते सांगितले नाही), आणि पुढच्या डाव्या दाराला हात घातला.

दार उघडेना.

तिने पुन्हा ओढले. स्वराजने ओढले. रखमाजीने दाराला पाय लावून ओढले. सगळ्यांच्या मनात एकच विचार आला. मंडळी गाडी तिथेच सोडून देवळाकडे निघाली.

प्रांजलने मोटार उचलून बॅटरी मारली आणि जीभ चावली. इतके थर बसले होते की डाव्या बाजूची दाराची रेघ रंगाने पार भरून गेली होती. दार कुठे संपते आणि गाडी कुठे सुरू होते, काही कळत नव्हते.

"किती तंतोतंत!" गेणभाऊ गहिवरून म्हणाले. "आपल्या नजरंतनं सुटलं, पर त्याच्या न्हाई."

दरम्यान संकष्टी आली आणि सगळे ओझरला जाऊन आले. स्वराज चालवायला. रखमाजी ड्रायव्हरच्या बाजूने शिरून गिअर ओलांडून पुढे बसला, आणि ओलांडताना त्याचे धोतर गिअरला अडकून गाडी घरापासून आळेपर्यंत दुसऱ्याच गिअरमध्ये गेली. बयाबाई मागे बसली. ओझरला तिला देव नीट दिसला, पण येता-जाता तिचे लक्ष वाटेतल्या हॉटेलांच्या पाट्यांकडे होते.

दुरुस्तीसाठी रामदासला बोलावणे गेले. तो हातोडी, पाना, तार असे सगळे घेऊन आला, आणि त्याच्या हातात ती वीतभर मोटार ठेवण्यात आली.

"गाडी कुटंय?" रामदासने विचारले.

"ही काय."

"न्हाई, दाराची गाडी. दार बगितलं असतं मी."

"त्या गाडीचं काय बगायचं?" गेणभाऊ म्हणाले. "ती नक्कल हाय, राव. मूळ हे."

रामदासला हे पटले. त्याने बयाबाईची गोधडी शिवायची सुई घेतली आणि श्वास रोखून दाराची रेघ पुन्हा कोरून काढली. मग बारीक पॉलिश पेपर, मग चकाकीचा एक पातळ हात. थिनरला कोणी त्याला हात लावू दिला नाही. मोटार देवापुढे परत गेली, आणि सारे गाव पुन्हा गाडीभोवती उभे राहिले.

बयाबाईने दार ओढले. उघडेना.

"जरा दम धरा," गेणभाऊ म्हणाले. "वर पोचायला टाइम लागतो."

सगळ्यांनी दम धरला. प्रांजल मात्र कंटाळून काचेला टेकली. काच अर्धी खाली होती. तिने सहज आत हात घातला आणि लॉकची दांडी वर केली. कट् असा आवाज झाला.

"पोचलं!" गेणभाऊ ओरडले. रामदासला टोपी-उपरणे देण्यात आले, सुईला हळदकुंकू लागले, आणि यापुढे प्रतिकृतीवर लॉकची दांडी वर केलेल्या स्थितीतच दाखवावी असा ठराव झाला.

बयाबाई आपल्या हाताने दार उघडून पुढे बसली. काच पूर्ण खाली केली. "आळेफाट्याला घे," ती एवढेच म्हणाली.

आळेफाट्याच्या हॉटेलात स्वराज तिच्यासमोर बसला. तिने चहा मागवला. चहा आला. वर साय धरू पाहत होती. बयाबाईने भैरवनाथाचे नाव घेऊन कपाला हात लावला, तेवढ्यात स्वराजने तो अलगद आपल्याकडे ओढला.

"आई, काय करती? तुला अ‍ॅसिडिटी हाय ना! लई जपायला पायजे आता," असे म्हणून तो एका दमात प्याला.

बयाबाईने रिकाम्या कपाकडे पाहिले. तिने आयुष्यात कधी खोटे सांगितले नव्हते, अ‍ॅसिडिटी सोडली तर.

"स्वराज," ती शांतपणे म्हणाली, "गाडीला कुनीतरी हात लावतंय बग."

स्वराज चप्पल न घालता धावला. बयाबाईने पोऱ्याला बोट दाखवले. "दोन चहा आन. आन बशी नको."

हे वाचून स्वराजला नावे ठेवावीशी वाटली असतील, तर खुशाल ठेवावीत. फक्त त्याआधी घरी एकदा विचारून घ्यावे. आपल्या जन्माआधी कोणीतरी कुठल्या तरी देवाच्या दारात एक लहानसा लाकडी पाळणा टांगला असेल, आणि त्यासाठी काहीतरी सोडले असेल. गूळ असेल, भात असेल, पायातली चप्पल असेल. ते तिने पुढे पुन्हा सुरू केले, की तसेच राहून गेले, हे आपल्याला माहीत नसणार. आपण कधी विचारले नाही. त्या काळी तपासणी समिती नव्हती. कुठे ओघळ राहिला, काय भरून गेले, काय उघडायचे राहिले, हे कोणी बॅटरी मारून पाहिले नाही. पाळणा पहिल्याच फेरीत मंजूर झाला, आणि मग आपण झालो.