बारा हाडांची यादी

मॉस्कोतल्या हॉटेलच्या पलंगावर वीस पासपोर्ट पसरून सिदिकआके सकाळपासून जन्मतारखा लावत बसले होते. उद्या अकरा वाजता एस्टोनियाच्या चॅम्पियन क्लबाशी त्यांच्या किर्गिझ आक-तुयाक फुटबॉल क्लबाची स्पर्धेतली तिसरी आणि शेवटची मॅच होती. पण आकेंना काळजी मॅचची नव्हती, मेंढ्याची होती.

मॉस्कोच्या बाजारात चामड्याची जाकिटं विकून गब्बर झालेल्या इशेनबाय नावाच्या गाववाल्याने अख्ख्या टीमला दुपारी जेवायला बोलावलं होतं. त्यासाठी त्याने एक मेंढा कापला होता. आता किर्गिझ माणसासमोर मेंढा आला की त्याची मोठी हाडं बारा, आणि ती वाटायची वयाच्या क्रमाने. सगळ्यात थोराला कमरेचं हाड, मग मांडीचं, मग नळीचं, मग खांद्याचं, असं उतरत जायचं. उरल्यासुरल्या पोरांना मणके आणि बरगड्या. यात चूक झाली तर माणूस भांडत नाही, नुसता जेवायचा थांबतो, आणि मग सहा महिने भेटला तरी हवापाण्याबद्दलच बोलतो.

गेल्या शरदात देशाचं विजेतेपद मिळालं तेव्हा हेच झालं होतं. डाव्या बाजूच्या जूमाशला त्याच्याहून दोन महिन्यांनी लहान गड्याच्या नंतर हाड गेलं. पुढचे तीन सामने जूमाशच्या कधी पोटात कळ यायची, कधी पोटरीत. हाडं वाटली होती सिदिकआकेंनी, कारण क्लबाचे व्यवस्थापक तेच. जर्सी धुण्यापासून विमानाच्या तिकिटांपर्यंत सगळं सत्तावीस वर्षं तेच बघत आले होते.

"आके, या वेळी लिहून काढा," कोच मेलिस दारातून म्हणाला. मेलिस एक्केचाळीस वर्षांचा, म्हणजे आकेंपुढे पोरगाच. रागावतानासुद्धा त्याला आके, म्हणजे दादा, म्हणत अहो-जाहो करावं लागायचं, त्यामुळे त्याचा निम्मा राग वाटेतच सांडायचा. "पहिल्या मॅचला तुम्ही पांढऱ्या जर्सी लाल मोज्यांबरोबर धुतल्यात. आपण गुलाबी कपड्यात सहा गोल खाल्ले."

"गुलाबी नव्हत्या. फिक्या लाल होत्या."

"दुसऱ्या मॅचला बस भलत्याच स्टेडियमला नेलीत. पोरं दोन किलोमीटर बर्फातनं धावत आली आणि आठ गोल खाल्ले."

"धावली म्हणून अंग गरम झालं, बाबा. नाहीतर बारा खाल्ले असते."

"आके, स्पष्ट सांगतो. आणखी एक घोळ झाला, तर ही तुमची शेवटची सहल. घरी बसा, आराम करा."

आकेंना घर आठवलं. घरी सून होती, पाच नातवंडं होती आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही होता, आणि या तिन्हींची त्यांना सारखीच धास्ती होती. एकसष्टाव्या वर्षी पहाटे उठून जर्सी मोजायला मिळतात म्हणूनच आपण धड आहोत, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

म्हणून त्यांनी कोचच्याच चौकटीच्या वहीतला एक कागद फाडला आणि बैजवार यादी केली. सगळ्यात वर मेलिस. त्याच्याखाली वयाने मोठे अकरा खेळाडू, प्रत्येकापुढे जन्मतारीख. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली नऊ पोरं. बारा हाडं, बारा माणसं. वाटणारा स्वतःला धरत नाही, त्यामुळे त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

जेवण झकास झालं. यादी बघून आके हाडं देत गेले आणि एकाही कपाळावर आठी पडली नाही. मेंढ्याची मुंडी मिळाली इशेनबायच्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना. मुंडीचा मान ज्याला, त्याने तिचा कान कापून आपल्याहून लहानाला द्यायचा, आणि देताना एक गोष्ट सांगायची. ज्याला कान मिळाला त्याने तो मुकाट खायचा आणि सांगितलं ते करायचं, उलट उत्तर नाही. म्हाताऱ्याने कान दिला एकवीस वर्षांच्या उलानला. उलान टीमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड आणि सगळ्यात हावरटही, बॉल एकदा पायात आला की तो फक्त पंचांना परत करायचा.

"बाळा," म्हातारा म्हणाला, "दुसऱ्यालाही बॉल देत जा."

उलानने मान खाली घालून कान चावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मेलिसने मॅचचा संघ वहीतल्या एका पानावर लिहिला, पान फाडलं आणि आकेंच्या हातात दिलं. "छापील फॉर्मवर उतरवा आणि नऊच्या आत कार्यालयात द्या. जर्सीकडे मी स्वतः बघतो."

आकेंनी तो कागद कोटाच्या खिशात घातला. त्याच खिशात कालचाही कागद होता, त्याच वहीचा, तशाच चौकटींचा. कार्यालयात बाईंनी फॉर्म पुढे सरकवला: वर कोचचं नाव, खाली अकरा खेळाडू जन्मतारखांसह, मग राखीव. आकेंनी खिशात हात घालून कागद काढला. वर कोचचं नाव होतं. खाली अकरा नावं जन्मतारखांसह होती. रेघ होती, रेघेखाली नऊ राखीव होते. नऊ वाजत आले होते, त्या घाईत कागदावरचं अक्षर कुणाचं हे न बघता त्यांनी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवलं. नावं थोरापासून धाकट्यापर्यंत अशी उतरत गेलेली बघून त्यांना उलट बरंच वाटलं, मेलिसला अखेर वळण लागलं म्हणायचं. बाईंनी शिक्का मारला.

सव्वादहाला बंदिस्त स्टेडियमच्या छताखाली लाउडस्पीकर खरखरला आणि आक-तुयाकचा संघ जाहीर होऊ लागला. पहिलंच नाव आलं कारिपचं. कारिप म्हणजे एकोणचाळीस वर्षांचा दुसरा गोलकीपर, जो गेली दोन वर्षं मुख्यतः बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. सातव्या नावाला पहिला गोलकीपरही आला. उलान आला थेट राखीव खेळाडूंत.

मेलिस बुटाची नाडी बांधत होता, तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूहळू सरळ झाला. "आके, तुम्ही कोणता कागद उतरवलात?"

आकेंनी खिशात हात घातला. आत एकच कागद होता, आणि त्यावर मेलिसचं अक्षर होतं.

"मेलिस," आके अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी हाडांची यादी दिली रे."

दोघे कार्यालयाकडे पळाले. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "शिक्का पडलाय."

"बाई, यात दोन गोलकीपर आहेत," मेलिस म्हणाला.

"तुमचाच संघ आहे ना? मग तुम्हाला माहीत असणार. शिक्का पडल्यावर नाव बदलत नाही. मॅच सुरू झाली की तीन बदली करा, कुणी अडवलंय?"

मेलिसने ठरवलं, पहिल्याच मिनिटाला तीन म्हातारे काढायचे आणि उलानसह तीन पोरं घालायची. सुटकेचा निःश्वास टाकून तो बाकाकडे आला, तर मागच्या रांगेत अख्खा बाजार उतरलेला. दोनशे गाववाले, मधोमध इशेनबाय आणि त्याचे वडील.

"वा रे मेलिस," इशेनबाय पुढे वाकून म्हणाला. "काल हाडांत थोरांचा मान राखलास, तो समजला. पण आज मैदानातही राखलास. संघ ऐकून वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"इथल्या पोरांना दाखवायला पाहिजे," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "म्हणे जुनं सगळं बुडालं."

मेलिसची पंचाईत झाली. आता पहिल्या मिनिटाला कुणाला काढणार? काढलेल्या माणसाच्या हातातलं कालचं हाड परत घेतल्यासारखं झालं असतं, तेही दोनशे लोकांदेखत. म्हातारे तर छाती काढून बसले होते. जूमाशच्या आज ना पोटात कळ होती, ना पोटरीत.

"कोच," कारिपने बिया खिशात ठेवत विचारलं, "गोलात तर तो आहे. मी कुठे उभा राहू?"

"पार पुढे, कुणाच्या पायात येणार नाहीस तिथे."

"पळायचं का?"

"तुला येतं का?"

"नाही."

"मग कशाला विचारतोस, बाबा?" मेलिस म्हणाला आणि डोकं धरून बसला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सिदिकआके पाण्याच्या बाटल्या मोजत बसले. बाटल्या वीस होत्या, पण त्यांनी त्या चार वेळा मोजल्या. सत्तावीस वर्षांचा शेवट नव्वद मिनिटांवर आला होता आणि त्यांना रडूही येईना. मनातल्या मनात त्यांनी सुनेच्या टीव्हीसमोरची आपली खुर्चीसुद्धा पाहून ठेवली.

मॅच सुरू झाली. पोरं असती तर पहिल्या मिनिटाला बॉलच्या मागे पुढे धावली असती आणि पाठी रान मोकळं पडलं असतं. सहा आणि आठ गोल तसेच तर बसले होते. म्हाताऱ्यांना पुढे जाण्याची ताकद नव्हती आणि गेल्यास परत येण्याची खात्री नव्हती, म्हणून ते गेलेच नाहीत. कारिप सोडून सगळे आपल्या गोलापुढे पंगतीला बसल्यासारखे दाटीवाटीने उभे राहिले. एस्टोनियाची उंच, गोरी पोरं डावीकडून आली, उजवीकडून आली, मारलेला बॉल कुणाच्या मांडीला लागला, कुणाच्या पाठीला. जूमाशला तीनदा लागला आणि तिन्ही वेळा त्याने मागे वळून तो लागल्याचं कुणी बघितलं का ते पाहिलं.

पहिल्या अर्ध्या तासानंतर मेलिसने डोक्यावरचे हात काढले. मध्यंतराला शून्य-शून्य होतं. "एक तरी बदली करायची का?" त्याने कुणाला तरी विचारल्यासारखं केलं. मागून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला आणि त्याने कुणालाच काढलं नाही.

शेवटची दोन मिनिटं उरली आणि एस्टोनियाचा फॉरवर्ड एकटा सुटला. गोलकीपर पुढे धावून घसरला. समोर मोकळा गोल होता. पण मध्यंतर झाल्यापासून कारिप पुढून मागे यायला निघाला होता, तो नेमका आत्ता गोलरेषेवर पोचला. समोरून बॉल येताना बघून त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले. मग आपण आज कीपर नाही हे आठवून त्याने ते घाईघाईने पाठीमागे बांधले आणि पोट पुढे केलं. बॉल पोटावर आदळून बाहेर गेला. कारिप तिथेच खाली बसला आणि गाववाल्यांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं.

शून्य-शून्य. चौदा गोल खाल्लेल्या टीमला एक गुण. स्पर्धेतून ती बाहेरच पडली होती, पण बाजारवाले रडत एकमेकांना मिठ्या मारत होते. घरी निदान मान वर करून जाता येणार होतं.

बाहेर एका पत्रकाराने मेलिसला विचारलं, "अकराच्या अकरा ज्येष्ठ उतरवायचं धाडस कसं केलंत?"

मेलिसने क्षणभर आकेंकडे बघितलं आणि नजर वळवली. "अनुभवावर भर द्यायची योजना महिनाभर डोक्यात होती," तो म्हणाला. "दोन मॅच मुद्दाम लपवून ठेवली."

आकेंना ते ऐकून खरंच बरं वाटलं. बसमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "मग मेलिस, माझं काय?"

"उद्या बघू, आके," मेलिस म्हणाला आणि खिडकीबाहेर बर्फ बघत बसला.

दुसऱ्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं, म्हणून दुपारी इशेनबायने आणखी एक मेंढा कापला. या वेळी यादी मेलिसने स्वतः केली. आके ताटं मांडायला उठले, तर सगळ्यांनी त्यांना धरून दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं आणि त्यांच्यापुढे मुंडी आली. इशेनबायच्या वडिलांनीही मान डोलावून होकार दिला. सत्तावीस वर्षं वाटणाऱ्याला कधी कुणी हाड दिलं नव्हतं, आणि आज एकदम मुंडी. आकेंना गहिवरून आलं.

मग मेलिस उठला. "सिदिकआकेंनी क्लबासाठी हाडाची काडं केली. त्यांना आता दगदग नको. आजपासून ते आपले सन्माननीय सल्लागार. घरूनच सल्ला देतील. व्यवस्थापकाचं सगळं काम माझा मेहुणा बघेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकेंच्या लक्षात आलं की मुंडीच्या मानाने आपल्याला अलगद उचलून सुनेच्या टीव्हीपुढे ठेवलं आहे. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण मान नाकारणारा तर हाड नाकारणाऱ्याहून वाईट. गहिवर आला तसा गेला, आणि त्याच्या जागी संताप आला.

त्यांनी शांतपणे सुरी उचलली. मुंडीचा कान कापला. उलान घाबरून एका बरगडीमागे लपायला बघत होता. मॅचमध्ये उतरायलाच मिळालं नव्हतं, म्हणून परवा कानाबरोबर मिळालेला शब्द त्याच्याकडून अजून मोडायचा राहिला होता.

"मेलिस," आके म्हणाले, "ये बाळा."

मेलिसचा चेहरा उतरला, पण सगळ्या पंगतीचे डोळे त्याच्याकडे वळले होते. तो येऊन गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पुढे केले. आकेंनी कान त्याच्या ओंजळीत ठेवला.

"तू पत्रकाराला सांगितलेली योजना छान होती. तशा योजना लिहून ठेवायला जुना माणूस लागतो. पुढच्या वर्षीही जर्सी मी धुणार, बस मी ठरवणार आणि यादी मी लिहिणार. तुझ्या मेहुण्याला माझा सलाम सांग. खा."

"आमीन," इशेनबायचे वडील म्हणाले आणि दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. सगळ्या पंगतीने हात फिरवले. मेलिसने कान तोंडात घातला. कान चिवट होता, आणि तो चावून होईपर्यंत त्याला काही बोलता येणार नव्हतं.

आकेंनी खिशातून चौकटीचा एक कागद काढला. वर मेलिसचं नाव होतं, खाली मेलिसच्याच अक्षरात अकरा नावं होती, आणि त्यात कारिप नव्हता, जूमाश नव्हता, सगळ्यात पहिला होता उलान. मेलिसने तो ओळखला आणि त्याचं चावणं थांबलं. आकेंनी त्या कागदाच्या कोपऱ्याने सुरी नीट पुसली, आणि कागदाची घडी करून परत खिशात ठेवला.