मरोळच्या दोन तोतयांचे पारिपत्य

श्रीविद्युद्देवता प्रसन्न. लेखनास कारण ऐसे की, मुंबई उपनगरप्रांती मरोळ मुक्कामी समीक्षाबाईसाहेब, संगणकखात्याच्या मुखत्यार, यांणी तोतया सर्व्हरांवरी मोहीम करोन यश कैसे संपादिले, ते साद्यंत निवेदन करितो.

वर्सोवे बंदरीच्या कोळणींचा मासळीव्यापार हल्ली फोनावरून चाले, आणि समस्त मागण्या झेलणारा सर्व्हर एकटा. रविवारी सुरमईस गर्दी लोटली म्हणजे धापा टाकी. मग सहकारी प्रज्योतराव यांणी मसलत दिल्ही की, नवा सर्व्हर रचण्याची दगदग कशास? याच्याच डिस्कची हुबेहूब नक्कल करावी आणि त्यावरून आणखी दोन आभासी यंत्रे चालती करावी. रविवारी सकाळी दोन्ही क्लोन उठोन उभे राहिले, आणि प्रज्योतराव "झकास!" म्हणोन चहास गेले.

तों एकच हलकल्लोळ जाहला. मागणी निम्मी भरे आणि तुटे, मग लागे, मग फिरोन तुटे. कोळणींच्या म्होरक्या मथुराबाई यांचा फोन आला, "गो पोरी, गिऱ्हाईक आरडतंय, बरफ वितळतंय. मावरं काय वाट बगत बसनार हाय?" बाईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले, कारण मथुराबाईंस या फोनाच्या कारभारात त्यांणीच भरीस घातले होते.

प्रज्योतराव धावत आले आणि रिस्टार्टाचे हत्यार दोनवार चालविते जाहले, परंतु गनीम हटेना. "वाट लागली यार! दोन्ही क्लोन बंद कर ना."

"थांब रे. बंद केले तर पुढच्या रविवारी पुन्हा हेच."

मग बाईसाहेब खासा कीबोर्डावर बसल्या आणि तिन्ही यंत्रांचे आयपी पत्ते पाहिले, तों तिघांचा पत्ता एकच! कसोशीने तपास करिता उमजले की, नकलेबरोबर मूळ यंत्राचा ओळखक्रमांक, ज्यास मशीन आयडी म्हणतात, तोही जैसा तैसा उतरला. राउटर तिघांस एकच इसम समजोन एकच पत्ता देई, आणि तिघे एका गादीस झोंबत.

हुकूम सुटला की, नकलांचा क्रमांक पुसोन टाकावा, मूळ यंत्रास धक्का न लावावा. परंतु पडद्यावर तिन्ही यंत्रांच्या खिडक्यांचे माथी नावही एकच. अस्सल कोण आणि तोतया कोण? पुसताना चुकले तर होता तो एकही जाईल, म्हणोन बाईसाहेबांची बोटे अडखळली. मग त्यांणी डिस्कांच्या तारखा काढविल्या: अस्सल गतवर्षीची, नकला आज सकाळच्या. तेव्हां दोन्ही तोतयांचे क्रमांक पुसिले, नावे पालटिली आणि दोघांस नव्याने उठविले. उठता उठता दोघांणी आपापला नवा क्रमांक घेतला, राउटराने तिघांस तीन पत्ते बहाल केले, आणि मागण्यांचा लोंढा सुरळीत वाहो लागला.

बाईसाहेबांणी हरखोन बंदरी फोन लाविला आणि सर्व ठीक की कसे, ऐसे पुशिले. मथुराबाई गर्जल्या, "आता नको बोलू गो, धंद्याचा टायम हाय!" आणि फोन आपटिला. बाईसाहेब खुर्चीत मागे रेलोन मनमुराद हसल्या.

येणेप्रमाणे मरोळकरांची फत्ते जाहली. दुपारचे आत सुरमई, पापलेट अवघे खपले. मुशी तेवढी शिल्लक राहिली, तीत सर्व्हराचा काही दोष नाही, हे दप्तरी दाखल असावे.